एका गिऱ्हाइकाचे पीक

(कापूस व ज्वारी उत्पादकांच्या जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या आणि ज्वारीच्या बैठकीत आम्ही वाईनवर बोलणार, असे अध्यक्षांनी सांगितले तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटले. ते इथपर्यंत ऐकू आले. हसा, हरकत नाही. गेल्या फेब्रुवारीत आम्ही सहाजण एक जीप करून दिवसभर वाईनचे कारखाने बघत फिरलो, ही गोष्ट खरी आहे. डिझेलचा खर्च प्रत्येकाने आपापल्या खिशातून केला. तेव्हा हिशेब विचारायला जे उठले असतील त्यांनी बसून घ्यावे.

जाण्याचे कारण असे झाले. आमचे यवतमाळचे दादा फलटणच्या बैठकीला आले, ते खिशात एक करारपत्र घेऊनच. त्यांच्या गावात एक कंपनी आली होती. औषधी वनस्पतीची लागवड करा, रोपे आमची, भाव ठरलेला, माल शेतावरून उचलू. कापसाला कंटाळलेल्या गावाने अर्धी नावे नोंदवूनही टाकली होती. दादा म्हणाले, तुम्ही कृषी पदवीधर, तुम्हीच सांगा, सही करू का नको? आम्ही म्हटले, उद्याचा दिवस द्या. पलूसला चला. मग सही करा.

पलूसच का, ते आमचे आम्हाला माहीत होते. बाकीच्यांना ते संध्याकाळी कळले.

तर दादा, परभणीचे भाऊ, हिंगोलीच्या ताई, जतचे आबा, जीप चालवणारा खटावचा पोरगा आणि आम्ही, असे पहाटे निघालो. दहिवडी, मायणी, विटा. माणदेशातली शाळू काढणीला आलेली. आबा दर चार मैलांवर जीप थांबवायला लावीत आणि बांधावरच्या माणसाला कडब्याचा भाव विचारीत. दाण्याचा भाव त्यांनी एकदाही विचारला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पलूसला कृष्णा व्हॅली वाईन पार्क आहे. शासनाने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. नाशिककडे विंचूरला एक आणि सांगलीत पलूसला एक, असे दोन पार्क ठरले. वाईनला दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ झाले. त्याआधी नारायणगावला शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाईन काढून ती परदेशी पाठवून दाखवली होती. नाशिकला सुलाची पहिली बाटली 2000 च्या सुमारास बाहेर पडली. सगळीकडे एकच बोलणे होते: द्राक्षाचा शेतकरी आता युरोपच्या पंक्तीला बसणार. पलूसजवळच किर्लोस्करवाडी. 1910 साली लक्ष्मणरावांनी तिथल्या माळावर नांगराचा कारखाना उभा केला, तर वाईनचा का उभा राहू नये, असे व्यासपीठावरून सांगितले जाई. ऐकायला गोड वाटायचे. आम्हीही ते सांगत असू.

पार्कात गेलो. पहिल्या फाटकाला गंजलेले कुलूप. आत बाभळी वाढलेल्या. दुसऱ्या जागी शेड उभी, पण आत वाईनऐवजी कुणाचा तरी खताचा साठा. पहारेकऱ्याने आम्हाला विचारले, ‘‘जागा बघायला आलाय का?’’ भाऊ म्हणाले, ‘‘नाही, वाईन बघायला.’’ तो बिचारा आमच्याकडे बघतच राहिला.

चालू असलेली वायनरी पुढे दहा-बारा मैलांवर सापडली. काम चोख होते, ते मान्य केले पाहिजे. सकाळच्या गारव्यात तोडलेली द्राक्षे क्रेटने येत होती. छोटे मणी, जाड साल, आत बी. दांडे बाजूला काढायचे. पांढरी करायची तर लगेच रस दाबून घ्यायचा, तांबडी करायची तर सालीसकट आंबवायची, कारण रंग सालीत असतो. स्टीलच्या टाक्यांना दुहेरी भिंत, मधून थंड पाणी फिरते. आंबताना रस तापतो आणि तापला तर वास उडून जातो. आम्ही रिफ्रॅक्टोमीटर मागून घेतला. गोडी चोवीस ब्रिक्स. अशा रसात सुमारे तेरा टक्के मद्यार्क तयार होतो. शेवटच्या खोलीत ओकच्या लाकडाची सव्वादोनशे लिटरची पिंपे आडवी ठेवलेली. त्यांत माल वर्ष वर्ष पडून राहतो.

मग चव घेण्याचा कार्यक्रम. पातळ काचेचे पेले. पेला बुडाशी धरायचा, हाताची ऊब लागता कामा नये. हलवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. परभणीच्या भाऊंनी पहिला घोट गिळला आणि विचारले, ‘‘थुंकायचाच होता तर पिकवला कशाला?’’ पांढऱ्या वाईनला कच्च्या पेरूचा आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा वास होता, अगदी खरा. तांबडी तुरट, जांभळाचे बी चावल्यासारखी. आबा माळकरी. त्यांनी ओठाला लावली नाही, पण पेला नाकाशी धरून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘वास चांगला हाय. पेवात ज्वारी राहती तसा नाही, पर चांगला हाय.’’

ताईंचे लक्ष भिंतीवरच्या दरपत्रकावर होते. त्यांनी विचारले, एका बाटलीत द्राक्षे किती? सव्वा किलो धरा. किलोला शेतकऱ्याला किती? पन्नास. बाटलीची किंमत? साडेसातशे. ताई आमच्याकडे वळल्या, ‘‘हे तर कापसाच्या शर्टासारखंच झालं.’’ आम्ही त्यांना थोडे थांबवले. साडेसातशेतून कर आणि दुकानदार वजा करा. बाटली, बूच, वीज वजा करा. दोन वर्षे पिंपात अडकलेल्या पैशाचे व्याज वजा करा. नफा उरतो, नाही असे नाही, पण उरतो तो मुख्यतः थांबू शकणाऱ्याला. द्राक्षवाला तोडणीच्या दिवशी थांबू शकत नाही. गोडी चढलेला घड चार दिवस वेलीवर ठेवला तर गेला.

ज्वारीची वाईन का होत नाही, असा प्रश्न दादांनी तिथेच केला. ज्वारीवर काम झालेले आहे, तेही याच सातारा जिल्ह्यात. फलटणला बनबिहारी निंबकरांनी 1968 साली काढलेल्या संस्थेने गोड ज्वारीचे वाण तयार केले. कणसात दाणा, ताटात उसासारखा रस, चिपाड-पाला जनावरांना. त्या रसापासून काकवी आणि मद्यार्क काढून दाखवला, मद्यार्कावर चालणारी चूल आणि कंदील तयार केला. पण मद्यार्क म्हटला की 1949 चा दारूबंदीचा कायदा आडवा येतो. शेतकऱ्याच्या घरात तो इंधन म्हणूनही परवान्याशिवाय ठेवता येत नाही. पुढे 2007 साली शासनाने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे अनुदान जाहीर केले. पावसात काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल असे सांगितले गेले, गदारोळ झाला. अनुदान कारखान्याला होते, ज्वारीवाल्याला नव्हते. 27 जानेवारी 2022 ला मोठ्या दुकानांत वाईन विकायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली तेव्हाही तसेच. बाजूने बोलणारे शेतकऱ्याच्या नावाने बोलले, विरोधात बोलणारे शेतकऱ्याच्या बायकापोरांच्या नावाने. निर्णय अमलात आलाच नाही. द्राक्षवाल्याला विचारायला कुणी आले होते, असे आम्हाला पलूस-तासगावात एकानेही सांगितले नाही.

दुपारी एका शेतकऱ्याच्या वस्तीवर जेवायला गेलो. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. आता जे सांगायचे ते सांगतो.

2005 साली आम्ही पंचवीस वर्षांचे, नुकते पदवी घेऊन एका वायनरीत क्षेत्र अधिकारी म्हणून लागलेलो. कंपनीचे नाव घेत नाही, ती आता नाही. मोटारसायकलवरून वस्त्या वस्त्या फिरून करार लिहून घ्यायचे हे आमचे काम. अण्णांच्या दोन एकरांत शिराझ लावायला आम्ही लावले. आमचे गणित चुकीचे नव्हते. घड विरळायचे नाहीत, औषधात बुडवायचे नाहीत, मजुरी कमी, भाव ठरलेला. पहिली दोन पिके कंपनीने उचलली. मग 2008 आले. जगभर मंदी, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला, हॉटेले ओस पडली, टाक्या भरलेल्या राहिल्या. 2009 ला कंपनीने अर्धा माल नेला आणि पैसे थकवले. 2010 च्या फेब्रुवारीत गाडी आलीच नाही. अण्णा चार दिवस फोन करत होते. तो फोन उचलायला आम्ही नव्हतो, आम्ही तोवर नोकरी सोडली होती.

अण्णांनी क्रेट भरून सांगलीच्या बाजारात नेले. काळा, बारीक, बियांचा मणी. खायला कुणी घेईना. वाळवून बेदाणा करावा तर बी. आठ टन माल बांधावर ओतला.

थॉमसनवाल्यांचे त्याच साली काय झाले? भाव पडला, पण त्यांनी तोड थांबवून माल शेडवर नेला. खाण्याचा बाजार नसेल तर बेदाणा. म्हणजे त्यांच्या मालाला दोन दारे होती. अण्णांच्या मालाला एकच दार, आणि त्याची कडी आतून.

अण्णांनी वेल उपटले नाहीत. गुडघ्याएवढ्या उंचीवर करवतीने कापले आणि त्याच खुंटावर तास-ए-गणेशची कलमे भरली. हे वाण त्यांच्याच भागातले, तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून निवडलेले. दोन हंगाम गेले, सोसायटीचे कर्ज वाढले, थोरल्या मुलीचे शिक्षण बारावीला थांबले. हे शेवटचे अण्णांनी सांगितले नाही. जेवण वाढताना वहिनी बोलून गेल्या.

आज त्यांची बेदाण्याची शेड आहे. जाळीच्या रॅकवर बुडवून काढलेली द्राक्षे बारा-पंधरा दिवस सावलीत वाळतात, चार किलोला एक किलो बेदाणा पडतो. तो तासगावच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये जातो आणि त्याच्या पावतीवर बँक कर्ज देते. अण्णा त्या पावतीकडे ज्या नजरेने बघतात त्या नजरेने वायनरीवाला पिंपांकडे बघतो. म्हणून बेदाण्यात सोने पिकते असे समजू नका, ती चूक आम्ही दुसऱ्यांदा करणार नाही. अवकाळी पाऊस झाला की शेडवरचा माल काळा पडतो, आणि अडत्याकडे पैसे अडकलेले लोक तासगावात पैशाला पासरी आहेत. पण सौद्यात नाही पटले तर अण्णा माल परत थंडीत ठेवून घरी येऊ शकतात.

आबा जेवता जेवता म्हणाले, ‘‘आमची ज्वारी कुणी नाही घेतली तर आम्ही खातो. कडबा म्हस खाती. ह्या काळ्या मण्याचं काय करायचं हुतं?’’

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘आमच्या कापसाले तं सरकारनंच एक दार ठेवलं होतं.’’ खरे आहे. 1972 साली एकाधिकार खरेदी आली, राज्यात गिऱ्हाईक एकच, आणि कापसाच्या गाड्या राज्याच्या सीमेवर अडवल्या जायच्या. एकाधिकार गेला. आता गावोगाव खाजगी कंपन्या कागद घेऊन येतात, आणि तसलेच एक दार आपण स्वतःच्या सहीने मागून घेतो.

फ्रान्सच्या दक्षिणेत, लांगडॉकला, 1907 साली वाईनचे भाव कोसळले तेव्हा लाखो द्राक्षवाले रस्त्यावर उतरले. सरकारने सैन्य पाठवले, तर एक पलटणच शेतकऱ्यांच्या बाजूने उलटली. त्यानंतर तिथे गावोगाव सहकारी तळघरे वाढत गेली. टाकी आपली, थांबणेही आपले. हे आम्हाला कॉलेजात कुणी शिकवले नाही. शिकवले असते तरी पंचवीसाव्या वर्षी मोटारसायकल आणि पगारापुढे कितपत आठवले असते, देव जाणे.

निघताना अण्णांनी कपाटातून 2005 चा करार काढला. चार पाने. त्यांनी तो ताईंना मोठ्याने वाचायला लावला. शेतकऱ्याने माल दुसऱ्याला विकला तर दंड किती, ते लिहिले होते. गोडी कमी भरली तर कपात किती, तेही होते. कंपनीने माल उचलला नाही तर काय, याबद्दल एक ओळ नव्हती. शेवटच्या पानावर अण्णांचा अंगठा नाही, सही आहे, चांगली वळणदार. तिच्याखाली साक्षीदार म्हणून आमची.

अण्णा काही बोलले नाहीत. प्रत्येकाच्या हातावर मूठभर बेदाणा ठेवला.

जीपमध्ये दादांनी आपला कागद उघडला आणि तशीच ओळ शोधत बसले. विट्यापर्यंत सापडली नाही. अंधार पडला तेव्हा त्यांनी विचारले, ‘‘साहेब, ह्या झाडपाल्याची भाजी होते काय?’’ होत नाही. बियाणे बाजारात चालते काय? चालत नाही. जवळपास दुसरी कंपनी? नाही. दादांनी कागद घडी करून ठेवला. अजून सही केलेली नाही, परतही दिलेला नाही. गावातल्या निम्म्या लोकांनी उचल घेतली आहे, तेव्हा हा प्रश्न एकट्या दादांचा राहिलेला नाही.

तेव्हा एक काम सांगतो. ज्यांच्या घरी अशी करारपत्रे आली आहेत, सही झालेली असोत वा कोरी, त्यांनी पुढच्या बैठकीला झेरॉक्स आणावी. सगळी पाने आणावीत, मागची बारीक अक्षरांतलीसुद्धा. अण्णांनी आपला करार आमच्याकडे दिला आहे, तो वाचून दाखवू. साक्षीदाराच्या सहीसकट.