जो मागे उरतो, त्याचं काय?



‘चित्रपट-मालिकांमधले सर्वांत करुण शेवट’ हा आजचा विषय. तो जाहीर झाल्यापासून भेटेल तो मला आपापली यादी ऐकवतो आहे. ‘आनंद’मधला आनंद, ‘शोले’तला जय, ‘टायटॅनिक’मधला जॅक. याद्यांमध्ये बहुतेक मरणारी माणसंच आहेत, आणि ते साहजिक आहे. पण घरी गेल्यावर ते प्रसंग जरा नीट आठवून पाहा. ‘आनंद’मध्ये आपल्याला रडू फुटतं ते टेपरेकॉर्डर बोलायला लागतो तेव्हा, आणि तो बोलत असतो डॉक्टर भास्करशी. जय जातो, पण गळा दाटतो तो राधा वरची खिडकी लावून घेते तेव्हा. जाणारा गेला, त्याचं सुटलं. आपले डोळे भरतात ते जो उरला त्याच्याकडे बघून. इतक्या वर्षांच्या सिनेमा बघण्यातून माझं हे मत पक्कं झालं आहे. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

शोकांताची आपल्याला सवय नाही, असं मात्र म्हणू नका. गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आला. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. त्यांना प्रयोग बघायला मिळाला नाही. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी महाराष्ट्र रडला. पण त्या नाटकाचा शेवट पाहा. नवऱ्याच्या, सुधाकरच्या हातून तान्हं बाळ जातं, सिंधू जाते, आणि सुधाकर स्वतः विष घातलेला प्याला तोंडाला लावतो. त्या संसारात कुणी शिल्लकच राहत नाही. सगळं संपतं आणि पडदा पडतो. ते बाळ जगलं असतं तर त्याचं पुढं काय, हा प्रश्न गडकऱ्यांनी प्रेक्षकापुढे ठेवला नाही.

तो प्रश्न सत्त्याण्णव वर्षांनी नागराज मंजुळ्यांनी ठेवला. २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो थिएटरात पाहिला असेल. ‘झिंगाट’ला लोक खुर्च्या सोडून नाचत होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच लोकांना पुढं तासा-दीड तासात काय बघायला लागतं? हैदराबादमधलं छोटंसं घर. आर्ची आणि परश्याचा संसार मार्गी लागलेला. आर्चीचं आईशी फोनवर बोलणं झालेलं. मग एक दिवस भाऊ आणि नातेवाईक दारात उभे राहतात, आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन. आर्ची गांगरते, पण घरात घेते. चहा टाकते. परश्या पाहुण्यांशी काय बोलावं या विचारात. मूल शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं.

इथं दिग्दर्शकानं काय केलं, ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. मारणं त्यानं दाखवलेलंच नाही. शेजारीण मुलाला दारात सोडते, मूल आत जातं, आणि आपण त्याच्याबरोबर आत जातो. आई-वडील रक्तात पडलेले. मूल रडतं, पण त्याचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. आवाज बंद. अजय-अतुलच्या संगीतानं सिनेमाभर आपल्याला हाताला धरून नेलेलं असतं, आणि जिथं आपल्याला आधाराची सगळ्यात जास्त गरज, तिथं तो हात काढून घेतलेला. मूल वळतं, दाराबाहेर चालायला लागतं, आणि जमिनीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात.

आवाज असता तर काय झालं असतं? एखाद्या व्हायोलिननं आपल्याला सांगितलं असतं की आता रडा, आणि रडून आपण मोकळे झालो असतो. थिएटरातल्या त्या शांततेत मोकळं व्हायला वाटच नव्हती. लोक उठत नव्हते. शिट्ट्या मारणारी पोरं खाली मान घालून बसली होती. आर्ची आणि परश्या मेले, हे दुःख मोठंच. पण तो जो चिमुकला जीव बाहेर पडला, त्याला आता कोण घेणार? शेजारीण? पोलीस? की ज्यांनी हे केलं तेच आजोळ? सिनेमा उत्तर देत नाही, आणि आजही मला त्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

याच गोष्टीवरून हिंदीत ‘धडक’ निघाला, २०१८ साली. गोष्ट उदयपूर आणि कोलकात्याला नेली. शेवट बदलला. तिथं नवरा आणि मूल यांना वरून खाली फेकून देतात, आणि बायको, पार्थवी, उरते. मोजून पाहिलं तर ‘धडक’मध्येही दोन जीव जातात, ‘सैराट’मध्येही दोनच. तिथंही आवाज काढून घेतलेला आहे. तरी ‘धडक’चा घाव तेवढा खोल जात नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पार्थवी मोठी आहे. तिला काय झालं, कुणी केलं, का केलं, हे सगळं कळतं. ती किंचाळते आणि तिच्या किंचाळण्यात आपलं दुःख व्यक्त होऊन जातं. ‘सैराट’मधल्या मुलाला काहीच कळलेलं नाही. जे त्याला पुढच्या वीस वर्षांत हळूहळू कळणार आहे, ते आपल्याला आत्ताच कळलेलं आहे. ते ओझं आपण थिएटरातून घरी घेऊन येतो. शेवटाला कुणाला जिवंत ठेवायचं, हा निर्णय किती मोठा असतो, ते या दोन सिनेमांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं आहे.

आता बंगालमध्ये जाऊ. ऋत्विक घटकांचा ‘मेघे ढाका तारा’, १९६० चा. घटक पुढं काही काळ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला होते, मणी कौल आणि कुमार शहानी त्यांचे विद्यार्थी. त्यामुळे त्यांचं आपल्याशीही नातं आहे. फाळणीत पूर्व बंगालमधून आलेलं कुटुंब कलकत्त्याच्या कडेला निर्वासितांच्या वसाहतीत राहतं. थोरली मुलगी नीता घर चालवते. भाऊ शंकर गाणं शिकतो, धाकट्यांच्या मागण्या चालू असतात, आणि नीताचं शिक्षण, तिचं प्रेम, तिची तब्येत एकेक करत या घरासाठी खर्ची पडते. सुप्रिया चौधरींनी ती भूमिका अशी केली आहे की, नीताचा राग येतो आपल्याला: अगं, एकदा तरी नाही म्हण. शेवटी तिला क्षय होतो. शिलाँगच्या डोंगरातल्या रुग्णालयात शंकर तिला भेटायला जातो. तो आता नावाजलेला गायक झालेला असतो. तो घरच्या गोष्टी सांगत असतो आणि ती एकाएकी ओरडते की, दादा, मला जगायचं होतं. कॅमेरा डोंगरांवरून फिरतो आणि तिचा आवाज सगळीकडून परत येतो.

सिनेमा पाहिलेल्या दहांतल्या नऊ जणांना शेवट म्हणून हेच दृश्य आठवतं. पण सिनेमा इथं संपत नाही. त्यानंतर शंकर वसाहतीत परत येतो. किराणा दुकानदार त्याच्याकडे नीताची चौकशी करतो. तेवढ्यात रस्त्यानं एक तरुण मुलगी चाललेली असते. तिच्या चपलेचा पट्टा तुटतो. ती वाकून बघते, जरा कसनुसं हसते, आणि तशीच पुढं जाते. सिनेमाच्या सुरुवातीला असाच पट्टा नीताच्या चपलेचा तुटलेला असतो. शंकर ते पाहतो आणि हातांनी तोंड झाकून घेतो. डोंगरातली किंकाळी एका नीताची होती. रस्त्यावरच्या या मुलीला तर आपण ओळखतही नाही. तिच्याही घरी कुणी शंकर असेल, कुणी मागण्या करणारे असतील. घटकांना फाळणीनं अशा किती मुली गिळल्या ते सांगायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना एक चप्पल पुरली.

यापुढं जरा भरभर जातो. १९४८ चा इटालियन ‘बायसिकल थीव्ह्ज’ तुम्हाला माहीत आहे. सायकल चोरीला गेलेला बाप शेवटी स्वतः सायकल चोरतो, पकडला जातो, मार खातो, आणि मालक त्याच्या रडणाऱ्या पोराकडे पाहून त्याला सोडून देतो. बाप आणि मुलगा ब्रुनो गर्दीतून चालत राहतात आणि पोरगं बापाचा हात धरतं. १९५२ साली भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईपासून सुरू झाला. तिथं बिमल रॉय यांनी ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला, आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. बलराज साहनींचा शंभू कलकत्त्याला हातरिक्षा ओढतो, पण जमीन वाचत नाही. बायको आणि पोराला घेऊन तो परत येतो, तर जमिनीवर कारखान्याचं काम चालू झालेलं. कुंपणापाशी बसून तो आपल्याच मातीतली मूठभर माती उचलतो, आणि पहारेकरी ती मूठही त्याला ठेवू देत नाही. तिघंही जिवंत आहेत. कुणी मेलेलं नाही. आपल्या मराठवाड्यात, विदर्भात हे दृश्य दाखवा आणि प्रेक्षकांकडे बघा.

मालिकांकडे वळतो. मालिकेचा शेवट सिनेमापेक्षा जड जातो, कारण ती माणसं वर्षानुवर्षं आपल्या घरात जेवणाच्या वेळी आलेली असतात. अमेरिकेत ‘मॅश’ नावाची मालिका होती, कोरियातल्या लष्करी रुग्णालयावरची. ते युद्ध चाललं तीन वर्षं, मालिका चालली १९७२ पासून ११ वर्षं. २८ फेब्रुवारी १९८३ ला अडीच तासांचा शेवटचा भाग लागला आणि १० कोटींहून जास्त लोकांनी तो पाहिला. सगळ्यांना हसवणारा डॉक्टर हॉकआय त्या भागाच्या सुरुवातीला मनोरुग्णालयात असतो. त्याला एक बसप्रवास आठवतो: शत्रूला माग लागू नये म्हणून सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि एका बाईच्या मांडीवरची कोंबडी ओरडत होती, ती तिनं गुदमरवून मारली. मानसोपचारतज्ज्ञ त्याला पुन्हा पुन्हा आठवायला लावतो. मग हळूहळू बाहेर येतं की ती कोंबडी नव्हती, तिचं बाळ होतं. गप्प करा तिला, असं ओरडणारा हॉकआयच होता. युद्ध संपतं, सगळे घरी जायला निघतात, आणि या माणसाला ते बरोबर घेऊन आयुष्य काढायचं आहे.

इंग्लंडमधली ‘ब्लॅकअॅडर’ ही विनोदी मालिका १९८९ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या खंदकात संपली. सगळे विनोद संपल्यावर ती माणसं खंदकातून वर चढून गोळ्यांच्या दिशेनं धावतात. चित्रण झालं तेव्हा ते फार कच्चं दिसत होतं. संकलनात ते संथ केलं, आणि ती रणभूमी हळूहळू खसखशीच्या लाल फुलांच्या शेतात विरघळवली. पक्ष्यांचा आवाज येतो, बस्स. संकलनाच्या टेबलावर सुचलेली ती गोष्ट ब्रिटिश टेलिव्हिजनवरच्या सर्वांत आठवल्या जाणाऱ्या शेवटांपैकी एक ठरली.

आपल्या दूरदर्शनवरही असं एक काम झालं. गोविंद निहलानींची फाळणीवरची ‘तमस’, १९८८. नाथू मारला जातो, आणि निर्वासितांच्या छावणीत त्याच्या बायकोला कळा सुरू होतात. बाळाचं पहिलं रडणं ऐकू येतं आणि त्यात बाहेरच्या धार्मिक घोषणा मिसळतात. पुन्हा तेच: बाप गेला, बाळ आलं, आणि ते कोणत्या जगात आलं ते आपण ऐकतो आहोत. आजच्या आपल्या रोजच्या मालिकांना असा शेवट मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. टीआरपी घसरला की पंधरा दिवसांत गुंडाळायचं, शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना पश्चात्ताप, सगळ्यांची दिलजमाई. तीन-चार वर्षं रोज साडेसातला त्या घरात जाऊन बसलेल्या माझ्या वयाच्या प्रेक्षकाला एका खऱ्या निरोपाचा हक्क आहे. आपल्याकडे लिहिणारे चांगले आहेत, नट तर फारच चांगले आहेत.

एक शेवट राहिला. संदीप सावंतांचा ‘श्वास’, २००४. ‘श्यामची आई’नंतर अर्ध्या शतकानं मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते या सिनेमामुळे. कोकणातल्या छोट्या परशुरामच्या डोळ्यांत कर्करोग. डोळे काढले तर पोरगं वाचेल. अरुण नलावड्यांचे आजोबा हे ऐकतात तेव्हा त्यांना आधी बोलताच येत नाही. पोराला सांगायचं कोणी, कसं? मग शस्त्रक्रियेच्या आधी ते कुणालाही न विचारता त्याला रुग्णालयातून बाहेर काढतात आणि शहर दाखवतात, जेवढं दाखवता येईल तेवढं. शेवटी होडी गावाकडे येते. परशुराम काळा चष्मा लावून होडीत, आणि तो किनाऱ्याच्या दिशेनं हात हलवतो. काही जण मला म्हणतात, हा तर आशेचा शेवट. आशा आहे, मान्य. पण त्या मुलाला किनारा दिसत नाही, किनाऱ्यावरच्यांना तो दिसतो. जो उरला त्याचा विचार मरणाच्याही आधी करणारा, त्याला पुढच्या आयुष्यासाठी काही शिदोरी देणारा म्हातारा मला इतर कुठल्याही सिनेमात एवढ्या जवळून दिसलेला नाही.

आता एक काम सांगतो. हे सगळे शेवट ज्या शांततेवर उभे आहेत, ती शांतता आता मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवर राहिलेली नाही. शेवटचं दृश्य संपतं न संपतं तोच श्रेयनामावली एका कोपऱ्यात आक्रसते आणि पुढचं काहीतरी पाच-सात सेकंदांत सुरू होईल अशी पाटी येते. पावलांचे ठसे दिसत असतानाच दुसऱ्या कुणाचं तरी लग्न सुरू. नेटफ्लिक्सवर हे आपोआप सुरू होणं बंद करता येतं, प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोप्ले’ नावाचा पर्याय आहे. आज रात्री घरी गेलात की नातवाकडून किंवा मुलीकडून ते बंद करून घ्या, आणि शेवटचं नाव वर सरकेपर्यंत दिवा लावू नका.