नाक गेलं तेव्हा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



२०२१ साली कोरोनाने माझा वास नेला, तो आजवर परत आलेला नाही. लोक थट्टा करतात, "तारापूर एमआयडीसीशेजारी राहून नाक नाही, सुटलात काका!" मीही हसत होतो. पण एका संध्याकाळी वंदनेसाठी मेणबत्ती लावायला काडी हातात घेतली आणि सूनबाई ओरडत धावली, "बाबा, ओढू नका, गॅस!" सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे घाण वासाचे द्रव्य मिसळतात. मला ते असून नसल्यासारखेच.

पण बंधूंनो, नाक शाबूत असलेल्यांनाही एक सांगायचं आहे. आपली पोरं ठेकेदाराकडे टाक्या, गटारं साफ करायला जातात. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास थांबतो आणि पोराला वाटतं गॅस गेला. तो गेलेला नसतो! त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात, मैल्याच्या टाकीत माणूस उतरवायला बंदी आहे. मीटरने हवा तपासल्याशिवाय उतरू नका, मुकादम कितीही ओरडो.

घरी आता आधी सूनबाई हुंगते, मग मी काडी ओढतो. अगरबत्ती पेटली की नाही, ते धुराकडे बघून ओळखतो.