रद्दी कशाला म्हणावे?

(कुर्ला येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीपूर्वीची घराची आवराआवर हा अभ्यासवर्गाचा विषय कसा, असे काहींना वाटेल. परंतु घरातून काय टाकावे आणि काय ठेवावे, हा प्रश्न कुर्ल्यासारख्या कामगारवस्तीत हक्काशी जाऊन भिडतो. म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

हल्ली घर रिकामे करण्याचे एक शास्त्रच निर्माण झाले आहे. जपानच्या मारी कोंडो यांचे २०११ सालचे पुस्तक जगभर वाचले गेले. त्यांचा क्रम ठरलेला आहे : आधी कपडे, मग पुस्तके, मग कागदपत्रे, नंतर किरकोळ वस्तू आणि सर्वांत शेवटी आठवणींच्या वस्तू. कागदांविषयी त्यांचा दंडक असा की, थोडे अपवाद वगळता सारे टाकून द्यावे. ज्या घरांत गरजेपेक्षा अधिक खरेदी होते त्यांना हा सल्ला उपयोगी पडेल. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वस्तू थोड्याच असतात. कमी पडते ती जागा. शिवाय गिरणी कामगाराच्या घरी कागद आणि आठवण यांची वेगवेगळी रास करता येत नाही. दोन्ही एकाच पत्र्याच्या ट्रंकेत असतात.

कुर्ल्याचेच उदाहरण घ्या. १८८६ साली जमशेटजी टाटांनी येथील धरमसी मिल विकत घेतली आणि तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. शंभर वर्षांहून अधिक काळ पिढ्यान् पिढ्या तेथे राबल्या. २००० साली गिरणी बंद पडली आणि पुढे कंपनीची मालमत्ता अधिकृत परिसमापकाच्या ताब्यात गेली. अशा गिरणीतल्या कामगाराची ट्रंक उघडली तर काय निघते? तिकीट नंबर असलेला पास, पगाराच्या चिठ्ठ्या, राज्य विमा योजनेचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, आणि त्यांतच गुंडाळलेला एखादा लग्नातला फोटो. रद्दीवाल्याच्या तराजूत या साऱ्याचे वजन पावशेरही भरणार नाही.

आता याच कागदांची दुसरी किंमत पाहा. १९८५ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन, दिवाळ्यात निघालेल्या कंपनीच्या मालमत्तेवर कामगारांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने धरावीत, असे ठरले. हा हक्क मोठा आहे. पण परिसमापकापुढे दावा सिद्ध करावा लागतो तो कामगाराला. बंद गिरण्यांच्या जमिनीवरील घरांच्या योजनेतही तोच अनुभव आहे. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण कामावर होतो, हे अर्जदाराने दाखवावयाचे. त्यासाठी म्हाडा ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, हजेरी पास, पगारचिठ्ठी, भविष्य निधीचा वा विमा योजनेचा क्रमांक अशा प्रकारचे पुरावे मागते. त्या तारखेनंतर अवघ्या सतरा दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संप सुरू झाला. संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि त्यांतले असंख्य परत कामावर गेलेच नाहीत. त्यांच्या उभ्या आयुष्यातल्या श्रमाची साक्ष देणारा उरला तो ट्रंकेतला कागद.

येथे एक मूलभूत प्रश्न विचारला पाहिजे. पुराव्याचे ओझे कामगारावरच का? हजेरीपुस्तके मालकाच्या कचेरीत होती. राज्य विमा कायदा १९४८चा, भविष्य निधीचा कायदा १९५२चा. या दोन्ही कायद्यांखाली कामगाराच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली गेली आणि ती सरकारी यंत्रणांकडे नावानिशी जमा झाली. ज्या राज्यसंस्थेने वर्गणी घेताना कामगाराला ओळखले, तिने घर देताना त्याच्याकडे ओळख मागावी, हे न्यायाचे नव्हे. या नोंदी शासनाने स्वतः पडताळाव्यात, ही मागणी आपण सातत्याने मांडली पाहिजे.

परंतु मागणी मान्य होईपर्यंत ट्रंक राखणे भाग आहे. पुनर्विकासासाठी चाळ खाली करण्याची घाई असते. संक्रमण शिबिरातली खोली आणखी लहान. नातवंडांना तो पिवळा पडलेला कागद निरर्थक दिसतो. कामगार हयात नसेल तर वारस म्हणून दावा त्याच्या विधवेचा असतो. पण त्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे, हे तिला अनेकदा कोणी वाचून दाखविलेले नसते. तिच्या हातूनच तो कागद रद्दीत जातो, आणि त्याबद्दल तिला दोष देणे हा अन्यायावर आणखी एक अन्याय होय.

म्हणून यंदा कार्यकर्त्यांनी आवराआवरीच्या आधी घरोघरी जावे. त्या घरच्या आजीशेजारी बसून ट्रंक उघडावी. प्रत्येक कागद वाचून दाखवावा. नाव, तिकीट नंबर, खाते आणि तारीख वहीत उतरवून घ्यावी. प्रती काढाव्यात, मूळ कागद घरीच ठेवावा. नावाच्या लेखनात फरक असेल तर तो आताच टिपून ठेवावा. पुढे अर्ज त्यावरच अडतो. आणि आजी एखाद्या फोटोपाशी थांबून बोलू लागल्या, तर वही बाजूला ठेवून ऐकावे. कोण कोणत्या पाळीत होते, कोणत्या खात्यात होते, बरोबर कोण होते, हे त्या बोलण्यातच कळते. आणि हरवलेल्या कागदाचा माग लागतो तोही पुष्कळदा तेथूनच.

फुटकी बादली, मोडका स्टो, फाटकी गादी खुशाल भंगारात द्यावी. ट्रंकेतला कागद मात्र वाचल्यावाचून उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये.