एका नाटकापुरतं उभारलेलं शहर

हेडफोन लावलेत ना? आज आपण जाणार आहोत इटलीतल्या विचेन्झा शहरात, एका नाट्यगृहात. त्याचं नाव तेआत्रो ऑलिम्पिको.

नाटकाचा सेट म्हणजे काय? प्रयोग संपला की खोलायचा. पण इथला एक सेट १५८५ साली उभा राहिला, तो आजही जागेवर आहे. लाकडाचा!

झालं असं. विचेन्झातल्या ऑलिम्पिक अकादमी नावाच्या विद्वानांच्या मंडळाला स्वतःचं नाट्यगृह हवं होतं. काम दिलं आंद्रेया पल्लादिओला, म्हणजे त्या काळातला फार मोठा वास्तुकार. त्याने आयुष्यभर प्राचीन रोमन वास्तूंचा अभ्यास केला होता. इथे त्याने रोमन धाटणीचं नाट्यगृह आखलं, फक्त छपराखाली. १५८० मध्ये काम सुरू झालं आणि त्याच वर्षी तो गेला. पुढे विन्चेन्झो स्कामोझीने सूत्रं हातात घेतली.

उद्घाटनाचं नाटक होतं सोफोक्लिसचं 'ईडिपस राजा'. ते घडतं थीब्ज नगरीत. मग स्कामोझीने रंगमंचाच्या कमानींमागे थीब्जचे सात रस्तेच उभे केले! गंमत अशी, की हे रस्ते मागे जाताना अरुंद होतात, चढत जातात, घरंही लहान होत जातात. त्यामुळे थोड्याशा जागेत लांबलचक रस्ता दिसतो. नट त्या रस्त्यात आत आत गेला, की मात्र घरांपेक्षा उंच दिसायला लागणार. आणि संगमरवर वाटतो ना, तो बराचसा लाकूड आणि गिलावा आहे.

हा सेट टिकला कसा? ३ मार्च १५८५ चा तो प्रयोग गाजला, पण त्यानंतर इथे फारशी नाटकं झालीच नाहीत. मला वाटतं, सेट वाचला तो बऱ्याच अंशी यामुळेच. म्हणजे बघा, नाटक थांबलं म्हणून नाट्यगृह जगलं!

आणि इथेच खरा पेच आहे. प्रयोग करायचे तर माणसं येणार, त्यांच्या श्वासाची दमट हवा येणार, दिव्यांची उष्णता येणार. जुन्या लाकडाला हे सोसत नाही. कायमचं कुलूप लावलं, तर मग ते नाट्यगृह कसलं? ते संग्रहालय. विचेन्झाने मधला रस्ता धरलाय. प्रयोग होतात, पण मोजकेच, आणि प्रेक्षकही मर्यादित.

मला हे पटतं. जुनी गोष्ट जपायची म्हणजे तिला हातच लावायचा नाही, असं थोडंच आहे? तिचं काम तिला करू द्यायचं, फक्त झेपेल तेवढंच.

हा भाग संपला की फोनवर या नाट्यगृहाचे फोटो शोधा. मधल्या कमानीतून आत बघा आणि तो रस्ता किती लांब असेल, याचा अंदाज कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात!