व्हॉल्व्हचा प्रीअ‍ॅम्प्लिफायर घेण्यापूर्वी

घरच्या संगीतासाठी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, प्रीअ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का, असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो: तुम्ही गाणं ऐकता कशावर?

रेकॉर्डवर ऐकत असाल, तर गरज खरी आहे. नेहमीच्या चुंबकी पिकअपमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात आणि मुख्य अ‍ॅम्प्लिफायरला साधारण १ व्होल्ट हवा असतो. म्हणजे दोनशेपट वाढ. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर उचललेले असतात. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या आरआयएए या संघटनेच्या, १९५४ साली ठरलेल्या मानकानुसार ते पुन्हा मूळ पातळीवर आणावे लागतात. ही दोन्ही कामं नीट करणारा प्रीअ‍ॅम्प्लिफायर मिळाला, तर त्यावर जरूर खर्च करा. घरात आजोबांच्या ७८च्या तबकड्या असतील, तर त्यांना हे मानक लागू नाही. तिथे मानक बदलण्याची सोय असलेलं यंत्रच पाहा.

सीडी प्लेअरचं गणित मात्र उलटं आहे. त्यातून २ व्होल्ट आयतेच मिळतात. ते आणखी दहापट वाढवायचे आणि आवाजाचं बटण पिळून पुन्हा कमी करायचे, यात हाती लागते ती खरखर. तरीही व्हॉल्व्हचाच आवाज हवा असेल, तर शंभर वर्धनांकाचा, म्हणजे संकेत शंभरपट वाढवू शकणारा, १२एएक्स७ हा व्हॉल्व्ह टाळा. १२एयू७ किंवा ६एसएन७ असलेला घ्या. त्यांचा वर्धनांक विसाच्या आसपास असतो.

हा आवाज गोड का लागतो, यालाही कारण आहे. साध्या रचनेतला व्हॉल्व्ह मूळ स्वरात त्याच्या दुप्पट कंपनसंख्येचा स्वर किंचित मिसळतो, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. षड्जात तार षड्ज मिसळला, तर कानाला तो खुपत नाही. पण ही भर आहे, मूळ गाण्यात नसलेली. ती किती हवी, ते तुमच्या कानांनी ठरवावं.

आता दुकानदार सहसा सांगत नाही, ती गोष्ट. प्रीअ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे बाहेर देण्याच्या टोकाचा विद्युतरोध, विचारा. मुख्य अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स त्याच्या निदान दहापट असायला हवा. ट्रान्झिस्टरच्या काही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा इनपुट इम्पिडन्स १० हजार ओहमच असतो. जोडी जमली नाही, तर तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा पातळ होतो आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला लागतो.

व्हॉल्व्ह कधी ना कधी बदलावा लागतो, तेव्हा तो मिळायला हवा. एके काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. म्हणून सहज मिळणाऱ्या व्हॉल्व्हचंच यंत्र निवडा. परदेशातून आणलेलं असेल, तर ते २३० व्होल्टवर चालतं ना, हे आधी बघा. झाकण मात्र स्वतः उघडू नका. आतले कपॅसिटर वीज बंद केल्यावरही जीवघेणा भार धरून ठेवतात.

खरेदीला जाताना आपल्या अ‍ॅम्प्लिफायरचं माहितीपत्रक आणि तोंडपाठ असलेली एखादी रेकॉर्ड बरोबर न्या आणि तिची एक बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका.