जन्म, शिक्का आणि गुन्हा



अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें काळविटांचें लहानसें अभयारण्य आहे. अशाच माळरानांवर फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या फांस लावून हरणें, तितर धरीत व पोट भरीत. १९७२ च्या कायद्यानें शिकार हा गुन्हा ठरला. १९८० सालीं रेहेकुरीचें अभयारण्य झालें. काळवीट वांचला हें योग्यच झालें. परंतु बापाचा जो धंदा, तोच मुलाचा अपराध ठरला. त्याला दुसरें साधन कोणीं दिलें?

ह्या जमातींवरचा शिक्का मात्र याहून जुना आहे. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, असें इटलीच्या लोंब्रोसोनें १८७६ सालीं प्रतिपादिलें. आपल्याकडे त्यापूर्वींच, १८७१ सालीं, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता; १९११ मध्यें तो मुंबई इलाख्यासही लागू झाला. पोलिसांत नांवनोंदणी, रोजची हजेरी, गांव सोडण्यास परवाना! मनुष्यानें काय केलें हें पाहावयाचें नाहीं. तो कोणाच्या पोटीं आला एवढेंच पाहावयाचें.

नव्या विचारानें ही दृष्टि पालटली. अमेरिकेंत टॅननबॉम यानें १९३८ सालीं व हॉवर्ड बेकर यानें १९६३ सालीं दाखविलें कीं, समाजानें एकदां शिक्का मारला म्हणजे मनुष्यास कामाचीं व शेजाराचीं दारें बंद होतात, आणि तो शिक्काच त्याला गुन्ह्याच्या वाटेस लावतो.

कोणी म्हणेल, “मग चोराला धरूंच नये कीं काय?” अवश्य धरावें. पण आधीं जात पाहून मग पुरावा शोधला, तर चोरच निसटतो. नाशिक जिल्ह्यांत २००३ सालीं झालेल्या दरोडा व खुनांच्या खटल्यांत भटक्या जमातींच्या सहा जणांस २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें फांशीची शिक्षा दिली. त्याच न्यायालयानें २०१९ सालीं सहाही जण निर्दोष ठरविले. डोळ्यांनीं पाहणाऱ्या साक्षीदारानें पोलिसांजवळील छायाचित्रांतून दुसरेच चौघे ओळखले होते. त्यांच्यावर खटलाच झाला नाहीं. निरपराध्यांचीं सोळा वर्षें तुरुंगांत गेलीं. भरपाई प्रत्येकीं ५ लाख रुपये.

३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो जुना कायदा रद्द झाला. तथापि गल्लींत चोरी झाली कीं आपलें बोट अजूनही गांवाबाहेरच्या पालांकडे वळतें. त्या वेळीं एकच प्रश्न आपण आपल्या मनास विचारावा : पुरावा काय?