अकिलीस आणि कांसव

कळंबहून नाशिकच्या सडकेनें नारायणगांव गांठावें व तेथून पश्चिमेस वळावें, म्हणजे जुन्नर येतें. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दिल्याचा प्राचीन लेख जुन्नरच्या लेण्यांत आहे. यवन हें नांव मुळांत ग्रीकांचें. त्या ग्रीकांचें एक कोडें जगांतील पंडितांना शतकानुशतकें पुरून उरलें.

इसवी सनापूर्वी पांचव्या शतकांत इलिया नगरींत झेनो नांवाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. होमरच्या ‘इलियड’ काव्यांतील चपळ वीर अकिलीस यास त्यानें एका शर्यतींत उतरविलें. त्याचें प्रतिस्पर्धी म्हणून पुढें कांसव रूढ झालें.

ही शर्यत कळंबच्या सडकेवर चालली आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. कांसव 100 हात पुढें उभें आहे. अकिलीस सेकंदास 10 हात धांवतो, कांसव 1 हात सरकतें. अकिलीस कांसवाच्या मूळ जागीं पोंचतो, तों तें 10 हात पुढें गेलेलें असतें. ते 10 हात तो तोडतो, तों तें आणखी 1 हात पुढें. अंतर घटतें, पण दर खेपेस कांहीं उरतेंच. खेपा अनंत, सबब अकिलीस कांसवास कधींच गांठणार नाहीं, असा झेनोचा निष्कर्ष.

गति नाहींच, असा वाद ऐकून डायोजेनीस या तत्त्वज्ञानें नुसतें उठून चालून दाखविलें, अशी आख्यायिका आहे. परंतु त्यानें निष्कर्ष खोटा ठरला. युक्तिवादांतील चूक सांपडली नाहीं.

ती चूक शेवटच्या पायरीवर आहे. खेपा अनंत, म्हणून वेळहि अनंत, हें गृहीत धरलेलें आहे. सिद्ध केलेलें नाहीं. भारतीय नैयायिक याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतील: हेतु आहे, पण त्याबरोबर साध्य असतेंच असें नाहीं. वेळेची बेरीज मांडून पाहावी: 10 सेकंद, 1 सेकंद, एक दशांश, एक शतांश. कितीहि पदें मिळविलीं तरी बेरीज 11 पूर्णांक एक नवमांश सेकंदांपलीकडे जात नाहीं. त्या क्षणीं दोघे बरोबरीस येतात. 12 सेकंद झाले कीं अकिलीस 120 हातांवर असतो, कांसव 112 हातांवर.

जुन्नरजवळच्या नाणेघाटांतील सातवाहनकालीन लेखांत दानाच्या गाईंचे व नाण्यांचे मोठमोठे आंकडे कोरलेले आहेत. पण तेथें शून्य नाहीं, आणि शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हें आहेत. पुढें स्थानमूल्याची रीत आली. तिच्यामुळें झेनोची न संपणारी शर्यत आज 11.111… अशी शाळेंतील मुलाच्या पाटीवर मावते. पदें संपत नाहींत, वेळ मात्र संपतो.